जय गुरु, रेंडर चालू आहे

वऱ्हाडात वेळ मोजायची दोनच मापं आहेत. काम आपलं असलं की, "होते ना आरामानं, कोनती गाडी सुटून रायली?" आणि काम दुसऱ्यानं करायचं असलं की, "पाच मिनिटाचं तं काम हाये!" मधलं माप आमच्याकडे निघालेलंच नाही.

मी अमरावतीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिवाय गावच्या भजनी मंडळात खंजेरी वाजवतो, लग्नसराईत व्हिडिओ काढतो, ते एडिट करतो आणि घरच्यांच्या मते थोडंफार देवाचंही करतो. या चारही खात्यांतून मला रोज फोन येतात आणि प्रत्येकाचं काम पाच मिनिटांचं असतं. त्या हिशेबानं सकाळी सातला उठलेल्या माणसाचं सगळं आयुष्य सात-वीसपर्यंत आटोपायला पाहिजे. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता लॅपटॉपच्या पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्यात अडकलेली असते, शेजारी जर्नल उघडं पडलेलं असतं आणि फोनवर नवरदेवाचा मेसेज असतो : "भाऊ झालं का? बायको विचारून रायली." लग्न होऊन दोन महिने झालेले असतात. बायकोला विचारायला दुसरं काही सापडलेलं नसतं.

खंजेरी मी मंडळातल्या आबाजींकडून घेतली. आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं. तिथे संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना झाल्याशिवाय दिवस मावळला असं कोणी धरत नाही आणि रस्त्यात भेटलेला माणूस 'नमस्कार' न म्हणता 'जय गुरु' म्हणतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला गेले आणि तिथल्या लोकांनाही त्यांनी खंजेरी ऐकवली, हे आबाजी अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, महाराजांची पिशवी यांच्याच खांद्यावर होती. प्रत्यक्षात आबाजी आयुष्यात शेगावच्या पुढे गेलेत ते एकदाच, पंढरपूरला. पण खंजेरी त्यांच्या हातात आली की जपानही हलेल अशी वाजते.

माझ्या हातात खंजेरीसोबत बरा कॅमेरा असलेला मोबाईल आला, तिथून खरी कथा सुरू होते. मंडळाचं एक भजन मी रेकॉर्ड करून टाकलं. गावानं ते पाहिलं. त्या दिवसापासून आमच्या मंडळाला सुरापेक्षा फ्रेमची काळजी जास्त.

आधी पेटीवाले काकाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, माह्या पेटीचा आवाज जराक वर घे अन् पखवाज दाबून टाक."

मग पखवाजवाले काकाजी बाजूला घेऊन म्हणाले, "पेटी लय किरकिरते. दाबून टाक."

मुख्य गायक दोघांच्याही नंतर आले. "दोघाइलेही दाब. भजन माह्यामुळं चालते."

टाळकऱ्यांची तक्रार होती की पहिल्या कडव्यात त्यांचे फक्त हात दिसतात. आणि भजनाशी काहीही संबंध नसलेले एक गावपुढारी म्हणाले, "मी मागून मोटरसायकलवर गेल्तो, तेवढं ठेवजो. जमलं तं हळू कर." अहंकार सोडा असं सांगणारं भजन होतं. सगळ्यांचं ऐकून मी सगळ्यांनाच दाबलं. त्या व्हिडिओत सर्वांत स्पष्ट ऐकू येतं ते शेजारच्या गोठ्यातलं वासरू, आणि ते सुरात आहे.

पखवाजवाल्या काकाजींचं प्रकरण मात्र चिघळलं. व्हिडिओच्या वरच्या चित्रात त्यांचे डोळे मिटलेले आले होते.

"लोकं म्हून रायले, मी वाजवता वाजवता झोपलो."

"काकाजी, तल्लीन झालेले दिसता तुम्ही."

"मंग तसं खाली लिहून टाक. समाधी लागली होती म्हनून लिही."

मी लिहिलं नाही. तेव्हापासून काकाजी रुसले आहेत. एकादशीला येतात, पण पखवाजाला लावायचं पीठ घरी विसरून येतात.

पुढचा घाला आबाजींवर आला. त्यांचं एक भजन मी टाकलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की हा आवाज एका कॅसेट कंपनीच्या मालकीचा आहे, सबब व्हिडिओवर तिचा हक्क.

"आबाजी, वरून निरोप आलाय."

आबाजींनी टोपी सारखी केली. "वरून म्हंजे? महाराजाइकडून?"

"नाही, कॉम्प्युटरकडून. तो म्हणतो हा आवाज तुमचा नाही."

"माहा गया माहा नाही? त्याले सांग, मी हे भजन गाऊन रायलो तवा त्याचा बापही पैदा झाला नव्हता."

तसं सांगायची सोय नव्हती. एक फॉर्म भरून मालकीचा पुरावा जोडायचा होता. 'मालकीचा पुरावा' हे शब्द ऐकताच आबाजी उठले, कपाटातली पत्र्याची पेटी उघडली आणि चार एकर कोरडवाहूचा सातबारा माझ्यासमोर ठेवला. "हे लाव. याच्यावर पुरावा नाही." मी पुष्कळ समजावलं की जमिनीचा उतारा गळ्याला चालत नाही. ते म्हणाले, "तलाठ्याची सही हाये त्याच्यावर. चालते." शेवटी त्यांच्या समाधानासाठी मी सातबाऱ्याचा फोटो काढला आणि फॉर्म आपल्या पद्धतीनं भरला. काही दिवसांनी कंपनीचा दावा सुटला. आता गावात कोणाच्याही व्हिडिओवर असा दावा आला की आबाजी ओसरीवरून हाक मारतात, "सातबारा काढून आन म्हना त्याले."

आता कॉलेज. आमच्यासाठी सरकारनं 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' नावाची एक बँक काढली आहे. शिकून मिळवलेले क्रेडिट तिथे जमा होतात. माझं खातं उघडलेलं आहे. वडिलांच्या सोसायटीच्या खात्यासारखंच त्यातही शिल्लक कमी आणि नोटिसा जास्त. गंमत म्हणजे नव्या धोरणात कलेला क्रेडिट आहे, एनएसएसला आहे, खेळाला आहे. मी मोठ्या आशेनं सरांना विचारलं, "सर, खंजेरीला मिळतात का?"

"प्रमाणपत्र आहे?"

"आबाजींना विचारून सांगतो."

सरांनी माझ्याकडे, मग माझ्या कोऱ्या जर्नलकडे पाहिलं. "आधी हे पूर्ण करा. पाच मिनिटांचं काम आहे."

घरी बाबांकडे तर माझ्याविरुद्ध जागतिक दर्जाचा पुरावा आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीची एक लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरानं तयार झाली आणि गिनीज बुकात गेली. हा विक्रम आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर झाला, हे माझं दुर्दैव. बाबा सायकल घेऊन रोज पाहायला जायचे. आता मी कोणत्याही कामाला उशीर केला की ते घड्याळाकडे न बघता महामार्गाच्या दिशेनं बघतात.

"पंच्याहत्तर किलोमीटर डांबर पाच दिवसात झालं. तुह्या जर्नलची पंच्याहत्तर पानं होत नाहीत?"

"बाबा, तिथं शेकडो माणसं होती."

"अन् तुह्या मोबाईलात नाहीत? दिवसभर त्याइच्याशीच तं बोलून रायला."

मी एकदा नीट तयारी करून वाद घातला. म्हटलं, बाबा, गाडगेबाबा कोणत्या शाळेत बसले? कोणत्याच नाही. तरी १९८३ साली सुरू झालेल्या आमच्या अमरावती विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. तुकडोजी महाराज शाळेत रमले नाहीत, प्राथमिकमध्येच तिला रामराम ठोकला. तिकडे नागपूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव. म्हणजे विद्यापीठावर नाव लागण्याचा आणि जर्नलचा काही संबंध दिसत नाही.

बाबा बैलाच्या पुढ्यात कडबा टाकत होते. थांबले नाहीत. "बराबर हाये. पन गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत. तू तुह्यी रूम कवा झाडली होती?"

मी संत मागे घेतले आणि कवी पुढे केला. म्हटलं, सुरेश भट घ्या. १९३२ चा जन्म, आपल्या अमरावतीचे. मराठी गझल म्हटलं की त्यांचंच नाव निघतं. तेसुद्धा बी.ए.ला दोनदा नापास झाले होते.

"मंग?"

"मग १९५५ ला पास झाले."

"म्हंजे दोनदा पडून तिसऱ्यांदा गेलेच ना परीक्षेले? तू पयल्यांदा तं जाय."

वऱ्हाडी बापाशी दाखले देऊन वाद घालू नये. दाखला तुमचा असतो आणि उपयोग त्यांना होतो.

तरीही माझ्या चार धंद्यांमध्ये एकदा अद्भुत सहकार्य झालं. श्रावण होता आणि शेजारच्या गावात खंजेरी भजनाची स्पर्धा. ज्यानं चामड्याची खंजेरी वाजवली आहे त्याला श्रावण म्हणजे काय ते ठाऊक असतं. हवेतला ओलावा चामडं पिऊन घेतं, सैल पडतं, आणि थाप मारली की 'टण्ण'च्या जागी ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखं 'धप्प' येतं. मग ती शेकावी लागते. गावात चूल असते, मंडपात हॅलोजन असतो. अमरावतीच्या माझ्या खोलीत घरमालकाच्या कृपेनं मेणबत्तीलाही बंदी.

त्या रात्री एका लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ रेंडरला लावला होता. लॅपटॉप जुना, त्याच्या कुशीतल्या जाळीतून इतकी गरम हवा निघत होती की टेबलाचा सनमायका फुगला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खंजेरी त्या जाळीसमोर उभी धरली, चामडं आतल्या बाजूनं, हळूहळू फिरवत. हळद लागेपर्यंत आवाज थोडा सुटला. मंगलाष्टकांना चामडं चांगलं ताणलं. वरमाला पडली तेव्हा नुसत्या नखानं टिचकी मारली तरी चकत्या झणझणल्या. पाठवणीला नवरी रडत होती आणि इकडे माझी खंजेरी पूर्ण सुरात.

रूममेट झोपेतून उठून बसला. "काय शिजवून रायला बे?"

"खंजेरी."

त्यानं पाच सेकंद विचार केला, दोरीवरून ओले मोजे काढले आणि लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला टांगले. तो इंजिनिअरिंगला आहे.

श्रावणातलाच दुसरा प्रसंग अकोल्याचा. अकोल्याचं ग्रामदैवत राजराजेश्वर. शेवटच्या श्रावण सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णा नदीचं पाणी कावडीनं आणून त्याला अभिषेक करतात. सतरा-अठरा किलोमीटरचा रस्ता, पाय अनवाणी, खांद्यावर पाण्याच्या भरण्यांची लांबलचक कावड, आणि प्रत्येक मोहल्ल्याचं मंडळ वेगळं. मामाच्या मंडळानं मला बोलावलं. "तू कावड नको धरू. तू फक्त व्हिडिओ काढ."

मला हलकं काम मिळाल्याचा आनंद झाला. तो गांधीग्रामच्या पुलापाशीच संपला. कारण कावड समोरून चालत येते आणि तिचा व्हिडिओ काढणाऱ्याला उलटं चालावं लागतं. अख्खा अकोला रात्रभर राजराजेश्वराकडे तोंड करून चालला, मी एकटा त्याच्याकडे पाठ करून. खड्डे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होते, मला टाचेनं. वाटेत एका फराळाच्या स्टॉलमध्ये मी पाठीकडून शिरलो आणि केळ्यांच्या ढिगावर बसलो. स्टॉलवाला हात जोडून म्हणाला, "भाऊ, फराळ समोरून घेतात."

मंडळाच्या पोरांची एकच मागणी : "स्लो मोशनमध्ये घे!" पहाटेपर्यंत त्यांचेच पाय इतके भरून आले की वेगळं स्लो मोशन लावावं लागलं नाही. घरी आल्यावर मामी म्हणाली, "दर्शन झालं का चांगलं?" मी म्हटलं, "मामी, देव मला मोबाईलमध्ये पाहावा लागेल. तो माझ्या मागे होता."

लग्नाच्या कामात पैसे आहेत म्हणून ते करावं लागतं. आजकाल लग्नाआधी एक चिखलदरा होतो. नवरा-नवरीचं प्रेम अकोल्याच्या ४५ अंशांत कॅमेऱ्यात नीट येत नाही, ते थंड हवेत चांगलं येतं, असा समज आहे. एका जोडप्याला पावसाळ्यात घेऊन गेलो. तिथे असं धुकं की तीन हातांवरचं काही दिसेना. नवरदेव विचारी, "मी हसू का?" मी विचारी, "तुम्ही कुठं आहात?" नवरीचा भाऊ पहारेकरी म्हणून सोबत आला होता, त्याला मात्र हे शूटिंग फार पसंत पडलं. पुढे भीमकुंडापाशी धुकं जरा फाटलं. भीमानं कीचकाला मारून इथेच दरीत टाकलं अशी आख्यायिका आहे. नवरदेवाला नेमकं तिथल्या कड्यावर दोन्ही हात पसरून उभं राहायचं होतं. मी त्याला कीचकाची गोष्ट सांगितली. नवरीनं त्याला मागे ओढलं, त्यानं तिचा हात धरला. तेवढंच दृश्य त्या व्हिडिओत खरं प्रेमाचं आहे.

आणि शांततेचंही शूटिंग मी केलं आहे. मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं मौन श्रद्धांजली वाहतात. इतकी माणसं एकत्र असून पाखराचे पंख ऐकू यावेत अशी ती वेळ. मी श्वास रोखून ते टिपलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, काहीतरी धड जमलं. गावी येऊन मंडळाला दाखवलं. सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. पेटीवाले काकाजी म्हणाले, "याच्यात आवाजच नाही."

"काकाजी, मौन आहे."

"असू दे ना मौन. मांगं बारीकशी बासरी तं लाव. पाच मिनिटाचं काम हाये."

राहिलं देवाचं खातं. चारही खात्यांत तेच सर्वांत सोशिक. देव आठवणीचा मेसेज टाकत नाही, 'झालं का' विचारत नाही, बायको विचारून रायली असंही म्हणत नाही. साहजिकच त्याचं काम नेहमी शेवटी राहतं. प्रार्थनेला मी मनोभावे जातो, पण जाताना माईक नेतो. आरतीत माझे हात जोडलेले नसतात, त्यांच्यात मोबाईल असतो. परीक्षा आठवड्यावर आली की मग मीच गजानन महाराजांच्या फोटोसमोर उभा राहतो आणि मान खाली घालून म्हणतो, "महाराज, फक्त गणिताचं बघा. तुमच्यासाठी पाच मिनिटाचं काम हाये."

आई मात्र अशी उधारी चालू देत नाही. माझ्या परीक्षेत ती गजानन विजय ग्रंथाचं पारायण लावते. "तू पेपर लिह्य, मी अध्याय वाचतो," म्हणते. दासगणूंचा तो ग्रंथ एकवीस अध्यायांचा. माझ्या अभ्यासक्रमात त्याहून कमी प्रकरणं आहेत. तिचे वेळेत संपतात.

यंदा प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी माझं जर्नल उघडलं. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात माझं नाव होतं. पुढे बरीच शांतता होती, मोझरीसारखी.

"ग्राफ कुठे आहे?"

"काढायचा आहे सर."

त्यांनी जर्नल मिटलं आणि खुर्चीला टेकले. "बरं, सांगा. ताणलेल्या पडद्याची फ्रिक्वेन्सी कशावर अवलंबून असते?"

"श्रावणावर," माझ्या तोंडून निघून गेलं.

मागच्या टेबलावरच्या मुलींनी लंबक मोजायचं सोडलं. सर पुढे वाकले. "कशावर?"

मग मी सांगितलं. चामडं ओलावा धरतं, जड होतं, ताण कमी होतो, सूर उतरतो. शेकलं की ओल जाते, ताण वाढतो, सूर चढतो. पडदा मोठा तर सूर खाली, लहान तर वर. मंडळात दोन खंजेऱ्या का ठेवतात तेही सांगितलं. एवढं सलग मी त्या प्रयोगशाळेत आजवर बोललो नव्हतो. सर म्हणाले, "शेकता कशावर?"

"लॅपटॉपवर सर. रेंडर चालू असताना."

ते काही बोलले नाहीत. गुण लिहिता लिहिता त्यांची डाव्या हाताची बोटं मात्र टेबलावर पडायला लागली. भजनी ठेका. अगदी चोख, समेवर येणारा.

तोंडीचे गुण चांगले मिळाले, जर्नलचे जेवढे पानांना मिळावेत तेवढेच. रविवारी गावी गेलो तेव्हा बाबांना गुण सांगितले. त्यांनी महामार्गाकडे पाहिलं. आबाजींना मात्र मी अख्खा प्रसंग रंगवून सांगितला. गुणांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"समेवर बराबर येत होता?"

"अगदी बरोबर आबाजी."

"मंग त्याले एकादशीले घेऊन ये," आबाजी पडवीतल्या पखवाजाकडे बोट दाखवत म्हणाले. "सांगजो, पीठ आमी देतो. अन् फोटो काढतानी डोये उघडे ठेवजो म्हना."